झाले किती, राहिले कोण?

एका साध्या मजकूर-फाइलीत ४०० सर्व्हरची नावं आहेत, एका ओळीत एक. स्क्रिप्टचं काम सांगायला सोपं आहे. पहिलं नाव उचलायचं, त्या यंत्राशी जोडणी करायची, सुरक्षेचा नवा पॅच बसवायचा, मग पुढचं नाव घ्यायचं. यादी संपली की थांबायचं. प्रोग्रामिंग शिकताना पहिल्या काही दिवसांतच भेटणारा हा लूप चार-पाच ओळींत लिहून होतो. बँक असो, विमान कंपनी असो की विद्यापीठ, मोठ्या संगणक-व्यवस्थेची रोजची देखभाल बरीचशी अशाच लूपवर चालते. हिंजवडी किंवा ऐरोलीत ‘इन्फ्रा सपोर्ट’मध्ये रात्रपाळी करणाऱ्यांचे कित्येक शनिवार-रविवार यातच जातात, कारण ग्राहकाने बदलांसाठी आखून दिलेली वेळ, म्हणजे ‘चेंज विंडो’, बहुधा तेव्हाचीच असते.

एंटर दाबलं. कर्सर लुकलुकतो आहे. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी पडद्यावर एक अक्षर नाही.

अशा वेळी तीन अगदी वेगळ्या अवस्था बाहेरून सारख्याच दिसतात. स्क्रिप्ट व्यवस्थित काम करत असेल. किंवा एखाद्या बंद सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत अडकली असेल. किंवा केव्हाच मेली असेल. यांतली कोणती खरी, हे ठरवायला हाताशी काहीच नसतं. मग माणूस आणखी थोडा वेळ कळ काढतो आणि कंट्रोल-सी दाबून मोकळा होतो. खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. पॅच कुठे बसला, कुठे नाही, आणि कुठे बसता बसता तुटला? ४०० यंत्रं एकेक करून तपासल्याशिवाय याचं उत्तर मिळत नाही. गप्प बसणारी स्क्रिप्ट कंटाळा आणते एवढाच तिचा दोष नाही. ती चुकीचा निर्णय घ्यायला भाग पाडते.

म्हणून लूपची प्रगती दाखवणं ही वरवरची सजावट नव्हे. त्यातला ‘किती झालं’ हा भाग सोपा आहे आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. ‘कोण राहिलं’ हे सांगणं अवघड आहे, आणि गरज असते ती त्याचीच.

वाट पाहणाऱ्याचं मन

संगणकासमोर माणूस किती वेळ शांत बसू शकतो, याचा पद्धतशीर विचार आयबीएममधल्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली एका निबंधात मांडला. पुढे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी त्यातून तीन मर्यादा लोकप्रिय केल्या. दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे गेलं की लक्ष उडतं आणि माणूस दुसऱ्या कामाकडे वळतो. आपला लूप या तिसऱ्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडचा असतो.

१९८५ साली टोरोंटो विद्यापीठात शिकणाऱ्या ब्रॅड मायर्स यांनी ‘किती टक्के झालं’ हे दाखवणाऱ्या पट्टीवर एक प्रयोग मांडला. त्यांनी ४८ जणांना माहितीसाठ्यात शोध घ्यायला सांगितला, कधी पट्टीसह, कधी पट्टीशिवाय. ८६ टक्के लोकांनी पट्टी आवडल्याचं सांगितलं. ती अगदी अचूक नसली तरी लोकांची फारशी तक्रार नव्हती. त्याच वर्षी डेव्हिड मेस्टर यांनी रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या मानसिकतेवर लिहिलं. किती वेळ लागणार हे ठाऊक नसलं की वाट पाहणं लांबल्यासारखं वाटतं आणि कारण कळलं नाही तर आणखी लांब वाटतं, असं त्यांचं निरीक्षण होतं. दोघांचं म्हणणं एकाच ठिकाणी येतं. माणसाला वेगापेक्षाही अंदाज हवा असतो.

मात्र युनिक्सच्या परंपरेत चांगल्या प्रोग्रामचं लक्षण नेमकं उलटं मानलं गेलं. सगळं सुरळीत असेल तर काही बोलू नये, चुकलं तरच बोलावं. फाइलची प्रत करणारी साधी आज्ञा आजही काम झाल्यावर ‘झालं’ म्हणत नाही. यामागे कारण होतं. तिथे एका प्रोग्रामने छापलेला मजकूर दुसऱ्या प्रोग्रामचा कच्चा माल असतो, आणि त्यात ‘४० टक्के झाले’ असं वाक्य घुसलं तर पुढचं सगळं बिघडतं. क्षणात संपणाऱ्या कामांना हा नियम शोभतो. तासभर चालणाऱ्या लूपला शोभत नाही. तेव्हा प्रश्न असा होतो की माणसाशी बोलायचं, पण दुसऱ्या प्रोग्रामच्या कामात लुडबूड करायची नाही, हे साधायचं कसं?

एकच ओळ, पुन्हा पुन्हा

टर्मिनलवर सरकणारी पट्टी मुळात काहीच सरकवत नसते. तिची युक्ती टेलिप्रिंटरच्या काळातली आहे. त्या यंत्रांना नवी ओळ सुरू करायला दोन वेगळ्या सूचना लागत: एक, छापणारा भाग ओळीच्या सुरुवातीला नेण्याची; दुसरी, कागद एका ओळीने वर सरकवण्याची. अक्षरांच्या सांकेतिक तक्त्यात या दोन्ही सूचना १३ आणि १० या क्रमांकांवर अजून आहेत. फक्त १३ पाठवला तर कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो, ओळ मात्र तीच राहते. मग पुढचा मजकूर जुन्यावरच उमटतो. ‘४००पैकी १२’ पुसून तिथे ‘४००पैकी १३’ आलं, एवढीच काय ती जादू. नवा मजकूर जुन्यापेक्षा आखूड असेल तर जुन्याची शेपटी मागे उरते. लांब नावाच्या सर्व्हरनंतर छोट्या नावाचा आला की दोघांची मिळून भलतीच नावं पडद्यावर दिसतात. म्हणून मजकुरानंतर रिकाम्या जागा भरायच्या किंवा ओळ आधी पुसून घ्यायची.

दुसरा प्रश्न हा मजकूर कोणत्या वाटेने पाठवायचा याचा. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोग्रामला बाहेर जायच्या दोन वाटा असतात, एक निकालाची आणि एक तक्रारीची. ही दुसरी वाट १९७०च्या दशकात बेल लॅब्समध्ये आली. तिथे छपाईसाठी फोटोटाइपसेटर वापरत. कागद रसायनातून काढल्यावर त्यावर लेखाऐवजी ‘अमुक फाइल उघडता आली नाही’ एवढी एकच ओळ सुबक टायपात उमटलेली आहे, असा अनुभव अनेकांना आला. कुरकुर वाढली आणि चुकांसाठी ‘स्टँडर्ड एरर’ नावाची स्वतंत्र वाट निघाली. प्रगतीचा मजकूरही याच वाटेने जाणं योग्य. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा गिट, प्रगतिपट्टी काढणारा टीक्यूडीएम यांसारखी आजची साधनं तेच करतात. सर्व्हरकडून गोळा केलेली माहिती निकालाच्या वाटेने फाइलीत जाते आणि ‘२१० झाले’ हे फक्त माणसाच्या डोळ्यांपुढे येतं.

मायक्रोसॉफ्टची पॉवरशेल ही आज्ञा-प्रणाली २००६ साली बाजारात आली. जेफ्री स्नोव्हर यांनी तिचा आराखडा मांडताना युनिक्सकडून पुष्कळ घेतलं, पण प्रगतीला थेट तिसरी, वेगळी वाट दिली. त्यासाठी ‘राइट-प्रोग्रेस’ नावाची आज्ञा आहे. तिला कामाचं नाव, सध्याची स्थिती, टक्केवारी, उरलेले सेकंद आणि या क्षणी नेमकं काय चाललं आहे, असे वेगवेगळे रकाने देता येतात. एका पट्टीखाली दुसरी पट्टीही लावता येते: वरची सर्व्हर मोजते, खालची त्या सर्व्हरवरच्या पायऱ्या. ही वाट फाइलीकडे वळवता येत नाही. त्यामुळे निकालात प्रगतीचा मजकूर मिसळण्याचा प्रश्नच उरत नाही.

पडद्यासमोर कोणी नसेल तेव्हाचा विचारही करावा लागतो. हीच स्क्रिप्ट पहाटे ठरलेल्या वेळी आपोआप सुटली तर तिचं बोलणं लॉग फाइलीत जाऊन पडतं. तिथे ओळ पुसली जात नाही. चारशे पट्ट्या एकमेकींना चिकटून एकच अगडबंब ओळ तयार होते. शहाणा प्रोग्राम आधी बघतो की आपण टर्मिनलशी बोलतोय की फाइलीशी. गिट टर्मिनल नसेल तर प्रगती दाखवतच नाही. फाइली उतरवणारा डब्ल्यूगेट पट्टी सोडून साध्या ठिपक्यांवर येतो. सर्व्हरच्या लूपला लॉगमध्ये सर्वांत उपयोगी पडते ती दर सर्व्हरमागे एक स्वतंत्र ओळ: वेळ, नाव, निकाल.

शेवटचे पाच टक्के

टक्केवारी काढायला एकूण किती हे आधी कळावं लागतं. नावं एकामागून एक येत असतील आणि शेवट ठाऊक नसेल, तर ‘२१० झाले’ म्हणता येतं, ‘किती टक्के’ म्हणता येत नाही. म्हणून संपूर्ण यादी आधी वाचून, मोजून घ्यायची आणि मगच लूप सुरू करायचा. इथवर सगळं सोपं आहे. गडबड पुढे होते, कारण आपण सर्व्हर मोजतो आणि लोक त्यातून वेळ वाचतात.

लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेल्या माणसाला हे पटकन कळेल. बहुतेक घरी दारातूनच पत्रिका देऊन निघता येतं. एखाद्या घरी चहा घेतल्याशिवाय सोडत नाहीत. एखाद्या घराला कुलूप असतं, आणि शेजारी म्हणतात, ‘येतीलच इतक्यात.’ पन्नासपैकी चाळीस घरं झाली म्हणजे वेळही ऐंशी टक्के संपला, असं तो कधी मानणार नाही. सर्व्हरच्या बाबतीत हे कुलूप फार महागात पडतं. उत्तरच न देणाऱ्या यंत्राशी जोडणी करताना लिनक्स एकदा हाक मारतो, एक सेकंद थांबतो, पुन्हा हाक मारतो, मग दोन सेकंद, चार, आठ, असा थांबण्याचा काळ दुप्पट करत नेतो. अजूनही सर्रास आढळणाऱ्या जुन्या ठेवणीत सहा फेरप्रयत्न होतात. १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ यांची बेरीज १२७ सेकंद होते.

आता आपल्या ४०० सर्व्हरचा हिशेब मांडू. समजा ३८० चालू आहेत आणि प्रत्येकाला २ सेकंद लागतात. त्यांचे ७६० सेकंद, म्हणजे पावणेतेरा मिनिटांच्या आत काम संपतं. उरलेले २० बंद आहेत. त्यांचे २० गुणिले १२७, म्हणजे २५४० सेकंद, ४२ मिनिटांहून थोडे जास्त. यादीतल्या पाच टक्के यंत्रांनी एकूण वेळेचा तीन-चतुर्थांशाहून मोठा वाटा खाल्ला. त्यात ते वीसही यादीच्या तळाशी असतील, आणि बंद केलेल्या जुन्या यंत्रांची नावं बहुधा सलगच असतात, तर पट्टी पावणेतेरा मिनिटांत ९५ टक्क्यांवर पोचेल, ‘४० सेकंद बाकी’ असं सांगेल आणि मग ४२ मिनिटं तिथेच रेंगाळेल.

अंदाज चुकतो तो त्याचं सूत्र भाबडं असल्यामुळे. आतापर्यंत गेलेला वेळ भागिले झालेले सर्व्हर, गुणिले उरलेले सर्व्हर. उरलेले झालेल्यांसारखेच निघतील, असं त्यात गृहीत असतं. विंडोजच्या फाइल-कॉपीच्या खिडकीत ‘५ मिनिटं’चे अचानक ‘२ तास’ होत, त्यावर जगभर विनोद झाले. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी २००४ मध्ये त्याचं सरळ उत्तर दिलं. ती खिडकी फक्त अंदाज बांधत असते, भविष्य कोणालाच माहीत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. नुकत्याच झालेल्या सर्व्हरना जास्त वजन देऊन सरासरी काढली तर अंदाज बदलत्या वेगाला लवकर जुळवून घेतो. टीक्यूडीएम तसंच करतो. पण सलग आलेल्या वीस कुलपांपुढे त्याचाही निभाव लागत नाही.

इथे दोन साधे उपाय सूत्रापेक्षा जास्त काम करतात. पहिला, वाट पाहण्याला स्वतःच मर्यादा घालायची. जोडणीसाठी ५ सेकंदच थांबायचं ठरवलं तर २० बंद सर्व्हरना मिळून १०० सेकंद लागतात आणि सगळं काम साडेचौदा मिनिटांच्या आत आटोपतं. दुसरा, लूप सुरू करण्यापूर्वी यादी पिसून घ्यायची. मग चालू आणि बंद यंत्रं सगळीकडे विखुरतात. पहिल्या शंभरात साधारण पाच बंद भेटतात आणि मर्यादा घातली नसली तरी उरलेल्या वेळेचा अंदाज तेव्हापासूनच ४१ मिनिटांच्या आसपास येतो. पट्टीचा कोड तोच राहतो, फक्त नावांचा क्रम बदलतो.

या उपायाला मानसशास्त्राचीही पुष्टी आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातले क्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एकाच कालावधीच्या, पण वेगवेगळ्या गतीने भरणाऱ्या पट्ट्या लोकांना दाखवल्या. शेवटाजवळ रेंगाळणारी पट्टी लोकांना लांब वाटली. शेवटी वेग घेणारी छोटी वाटली. पट्टीला थोडं खोटं बोलायला लावून वाट सुसह्य करण्याचा मोह त्यातून होऊ शकतो. मोबाइलवर गाणं उतरवताना ते चालूनही जाईल. पण जिच्याकडे पाहून माणूस ‘थांबवू की चालू ठेवू’ हे ठरवणार, त्या पट्टीने खोटं बोलून चालत नाही.

आणखी एक बारकावा. सर्व्हरचं नाव काम झाल्यावर दाखवायचं की सुरू करण्यापूर्वी? नंतर दाखवलं तर पडद्यावर शेवटचं नाव नीट झालेल्या सर्व्हरचं असतं, आणि अडकलेला कोणता ते यादीत शोधावं लागतं. आधी दाखवलं तर अडकलेल्याचंच नाव समोर असतं. टक्के मात्र काम पूर्ण झाल्यावरच वाढवायचे, नाहीतर शेवटचा सर्व्हर सुरू होतानाच पट्टी शंभरावर जाऊन बसते.

पट्टी रंगवायलाही वेळ लागतो. २०१६च्या सुरुवातीला जावास्क्रिप्टच्या एनपीएम या साधनात हे गाजलं. प्रगतिपट्टी बंद केली की पॅकेजं बसवण्याचं काम जवळपास निम्म्या वेळात होतं, असं वापरणाऱ्यांनी मोजून दाखवलं. पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत मोठी फाइल उतरवताना पट्टी बंद करण्याचा सल्ला जाणकार देतात, तोही याच कारणाने. सेकंदाला हजारो वेळा फिरणाऱ्या लूपमध्ये पट्टी दरवेळी रंगवायची नसते. टीक्यूडीएम एका दशांश सेकंदाच्या आत पुन्हा रंगवत नाही. आपल्या सर्व्हरच्या लूपला ही भीती नाही. दर सर्व्हरला दोन सेकंद लागत असताना एक ओळ छापण्याचा खर्च नगण्य आहे.

सगळे एकदम

चारशे सर्व्हरना एकामागून एक गाठण्याची मुळात सक्ती नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तयार झालेला पीडीएसएच हा प्रोग्राम मुळातच एका वेळी ३२ यंत्रांशी बोलतो. अनेक सर्व्हरवर कामं चालवणारा, २०१२ मध्ये आलेला अ‍ॅन्सिबल एका वेळी ५ यंत्रं घेतो, आणि पॉवरशेल ७ मधला समांतर लूपही ५च. हे आकडे हवे तसे वाढवता येतात. वेळ झपाट्याने कमी होतो, पण पट्टीचा अर्थ बदलतो.

‘सध्याचा सर्व्हर’ असं आता काही नसतंच. एकाच वेळी पाच किंवा बत्तीस असतात. प्रत्येकाने आपापली ओळ छापायला घेतली तर वाक्यं एकमेकांत घुसतात. म्हणून काम करणाऱ्यांनी फक्त कळवायचं, आणि पडद्यावर लिहायचं ते एकानेच, ही शिस्त लागते. एका आकड्याऐवजी तीन दाखवावे लागतात: संपलेले, चालू असलेले आणि रांगेत उभे. काम संपत आलं की रांग रिकामी होते, पण चालू असलेल्यांत दोन-तीन चिवट उरतात. गूगलच्या जेफ डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ मध्ये एकच मोठं काम अनेक यंत्रांत वाटणाऱ्या ‘मॅपरिड्यूस’वर लिहिताना या रेंगाळणाऱ्या यंत्रांची दखल घेतली. त्यांचा तोडगा असा होता की काम संपत आलं की उरलेले तुकडे दुसऱ्या यंत्रांनाही द्यायचे. जो आधी संपवेल त्याचा निकाल धरायचा. हा तोडगा बंद केला तेव्हा त्यांच्या चाचणीतल्या क्रमवारी लावण्याच्या कामाला ४४ टक्के जास्त वेळ लागला. पॅच बसवताना अशी दुहेरी कामं देता येत नाहीत. पण सर्वांत जास्त वेळ चालू असलेला सर्व्हर कोणता आणि तो किती वेळ चालू आहे, ही एक ओळ पट्टीखाली नक्की दाखवता येते. समांतर लूपमध्ये टक्केवारीपेक्षा ही ओळ जास्त सांगते.

आठवा सर्व्हर

संपणं आणि यशस्वी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लूपच्या दृष्टीने जोडणी न झालेला सर्व्हरही ‘संपलेला’च असतो, त्याच्यासाठीही आकडा एकाने वाढतो. त्यामुळे शंभर टक्के भरलेली पट्टी सांगते ते इतकंच, की यादी शेवटपर्यंत वाचून झाली.

यातला फरक किती महाग पडू शकतो, ते १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-दलाल कंपनीने पाहिलं. न्यू यॉर्क शेअर बाजाराच्या एका नव्या योजनेसाठी कंपनीने आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत नवा कोड टाकला. अमेरिकी बाजार नियामक एसईसीच्या २०१३च्या आदेशात घटनाक्रम नोंदवलेला आहे. सर्व्हर ४०० नव्हते, आठच होते. २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने नवा कोड चढवताना तंत्रज्ञाने आठपैकी एका सर्व्हरवर तो टाकलाच नाही. दुसऱ्या कोणी हे काम तपासावं अशी लेखी पद्धत कंपनीत नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड पडून होता. नव्या योजनेसाठी वापरलेल्या खुणेने तोच जागा झाला आणि बाजार उघडताच ऑर्डरी सोडत सुटला.

पंचेचाळीस मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले. नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या वर गेलं. गोंधळात कंपनीच्या लोकांनी नीट झालेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. मग तो जुना दोष त्या सातांवरही जागा झाला. बाजार उघडण्यापूर्वीच या प्रणालीने बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, पण ते धोक्याची सूचना म्हणून आखलेले नव्हते आणि कोणी त्यांकडे तसं पाहिलंही नाही. पुढे कंपनीला १.२ कोटी डॉलरांचा दंड झाला. तोवर ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती.

समजा, तिथे उत्तम प्रगतिपट्टी असती. तिने काय दाखवलं असतं? यादीत आठ नावं असती आणि आठव्याची जोडणी फसली असती, तर ‘८ पैकी ७ यशस्वी’ दिसलं असतं. पण यादीतच सात नावं असती, तर पट्टीने ‘७ पैकी ७, १०० टक्के’ असं छातीठोकपणे सांगितलं असतं. पट्टीच्या छेदातला आकडा यादीतून येतो, आणि यादी हाताने लिहिलेली, मागच्या वर्षीची किंवा अर्धवट असू शकते. त्यामुळे दोन गोष्टी लूपच्या बाहेरच कराव्या लागतात. यादी प्रत्यक्ष चालू यंत्रांच्या नोंदवहीशी ताडून पाहायची. आणि काम संपल्यावर वेगळ्या फेरीत प्रत्येक यंत्राला विचारायचं, ‘तुझ्यावर कोणती आवृत्ती आहे?’ काम करणाऱ्या लूपने स्वतःबद्दल दिलेला दाखला पुरेसा धरायचा नाही.

लूपच्या आतही एक शिस्त पाळता येते. शेवटी छापायचा गोषवारा असा हवा की त्याची बेरीज जुळावी: यशस्वी, अयशस्वी, गाठच न पडलेले आणि हातच न लावलेले, मिळून एकूण. अ‍ॅन्सिबल प्रत्येक खेपेच्या शेवटी सर्व्हरवार असाच तक्ता देतो आणि ‘गाठ पडली नाही’ हा रकाना ‘फसलं’पासून वेगळा ठेवतो. हे वेगळं ठेवणं महत्त्वाचं, कारण पहिल्याचा इलाज नेटवर्कवाल्याकडे असतो आणि दुसऱ्याचा पॅच लिहिणाऱ्याकडे.

थांबण्याची सोय

प्रगती दाखवण्याचा खरा उपयोग वेळेवर थांबता यावं यासाठी आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांवर गेली. ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रं कोलमडली होती. भारतातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या प्रकारच्या फाइली टप्प्याटप्प्याने पाठवण्याची पद्धत तेव्हा नव्हती. नंतर कंपनीने ती आणण्याचं जाहीर केलं. अ‍ॅन्सिबलमध्ये असे टप्पे दोन ओळींत ठरवता येतात: आधी एक सर्व्हर, मग दहा टक्के, मग उरलेले, आणि एका टप्प्यात ठरलेल्या प्रमाणाहून जास्त फसले तर सगळंच थांबव. पण हे थांबवणं स्क्रिप्ट करो वा माणूस, ‘किती फसले’ हा आकडा चालू लूपमध्येच समोर असावा लागतो. शेवटी कळून उपयोग नाही.

थांबलेलं काम पुन्हा तिथूनच सुरू करता यावं, हा त्याचाच पुढचा भाग. पडद्यावरची पट्टी टर्मिनल बंद होताच नाहीशी होते. म्हणून दर सर्व्हरचा निकाल त्याच क्षणी डिस्कवर लिहायचा. ग्नू पॅरलल हे साधन अशी कामाची नोंदवही ठेवतं आणि सांगितलं तर झालेली कामं वगळून किंवा फक्त फसलेली घेऊन पुन्हा निघतं. स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हे आणखी साधेपणाने जमतं. जो सर्व्हर झाला नाही त्याचं नाव एका वेगळ्या फाइलीत टाकायचं, एका ओळीत एक, अगदी मूळ यादीच्याच साच्यात. मग तीच फाइल पुढच्या खेपेची यादी होते. पहिल्या खेपेला ४०० नावं, दुसरीला २०, तिसरीला ३. ज्या दिवशी ती फाइल रिकामी निघते आणि वेगळी तपासणीही तेच सांगते, त्या दिवशी काम संपलं. पट्टी शंभरावर जाऊन पोचली तो दिवस यात धरायचा नाही.